अडीच ते साडेतीन

मंगळवार गारगोटीचा, बुधवार गगनबावड्याचा,
गुरुवारी कापशी आणि मुरगूड.
मी कोल्हापुरातच बसते, खिडकीजवळच्या टेबलाशी.
एक फोन, एक लाल रेघांची वही,
आणि पलीकडं कुठल्यातरी दवाखान्यात
कुणाच्यातरी बोटाच्या टोकाला सुई.
एक थेंब. पट्टी.
मिनिटभर कुणीच बोलत नाही.
मग गारगोटीची मालन आकडा सांगते,
सौद्यात गुळाचा भाव फुटावा तसा:
एक पॉइंट नऊ.

अडीच ते साडेतीन, एवढ्याच पट्ट्यात राहायचं
ज्यांच्या काळजात धातूची झडप आहे त्यांनी.
खाली गेलं की रक्त गोठतं,
वर गेलं की थांबत नाही.
शिंगटे डॉक्टर एवढंच सांगतात.
बाकीचं मला विचारावं लागतं.

काय खाल्लासा आठवड्यात?
"काय न्हाई वो बाई, रोजचंच."
रोजचंच म्हणजे?
"हरभऱ्याची भाजी. शेंडं खुडल्यात न्हवं आता."

पौषात असं होतं.
अख्ख्या तालुक्याचे आकडे एकदम उतरतात
आणि मला इथं बसून कळतं
कुणाच्या चुलीवर काय शिजलं.

भाजी सोडा, असं मी पूर्वी म्हणायचे.
भूपाल मगदूम एकदा शांतपणे म्हणाले,
मांस आमच्यात न्हाई, कांदा-बटाटा न्हाई,
आता पाला पण काढून घेतलासा.
मग खाऊ काय, गोळी?
तेव्हापासून म्हणते, खा.
पण रोज एकच वाटी. वाटी बदलू नका.

जैबुन मुजावरांचा सहा पॉइंट आठ.
गुडघ्याला म्हणून दुकानातनं गोळ्या आणल्या होत्या,
हिरड्यातनं रक्त यायचं,
मिश्री कडक लागली असंल म्हणून गप्प.

यल्लाप्पा सातपुते कापशीत चपला करतात.
रापीला हात लावू नका, म्हणाले मी.
फोनवरून म्हणायला काय जातंय.
"मग कातडं दातानं तोडू व्हय?"
पण बाकीच्यांची अर्धी गोळी म्हणजे
कधी पाऊण, कधी नुसता भुगा.
यल्लाप्पांची अर्धी म्हणजे अर्धी.
त्याच रापीनं कापतात, लाकडावर ठेवून,
अंगठ्याचा पट्टा करून.
चार महिने आकडा हललेला नाही.
लाईट गेली की झडप ऐकू येते, त्यांची बायको सांगते,
पहिल्यांदा झोप यायची नाही,
आता त्या कुशीला वळल्याशिवाय येत नाही.

असळजच्या सुलक्षणाचा दोन पॉइंट आठ.
छान, म्हणाले मी, पान उलटणार, तर,
"बाई, स्पीकर बंद करायला सांगा की."
तेलवेकर सिस्टर बाहेर गेल्या असाव्यात,
दार करकरलं.
मग कितीतरी वेळ नुसता एसटीचा हॉर्न.
"धा दिस वर झाल्यात.
सासूबाईंनी देवाला नारळ बी ठेवला."
आणि अगदी बारीक आवाजात,
"आजची गोळी घेऊ का?"

तिला सगळं सांगितलं होतं आम्ही, लग्नाच्या आधीच.
दिवस राहण्याआधी या, गोळी बदलावी लागंल.
तिनं मान हलवली होती. सगळेच हलवतात.
आता ती गोळी पोटातल्याला नको
आणि गोळीवाचून हिची झडप चालत नाही.
वहीत ह्याला रकाना नाही.

मी म्हणाले, आज नको घेऊ, पण घरीही नको जाऊ,
तशीच ये. मिळंल ती गाडी धर.
रंकाळ्याला उतर, मी स्टँडवर थांबते.
पैसे आहेत का जवळ?
"हायेत."
रडू नको.
"न्हाई रडत."

शिंगटे डॉक्टरांना सांगायला उठले
आणि बघते तर फोन चालूच,
तिनंही ठेवला नव्हता.
मी कान लावला.
काही ऐकू येतंय का म्हणून.